निरीक्षक बारटक्के यांचे वकीलपत्र

मी आयुष्यात एकच खटला चालवला, आणि तोही अशा माणसाच्या बाजूनं, जो कधी जन्मालाच आला नव्हता. नाव निरीक्षक बारटक्के, हुद्दा धूर-निरीक्षक, मुक्काम एका फाटक्या कादंबरीत. त्याच्यावरचे आरोप गंभीर होते आणि त्यातले बहुतेक खरे होते. त्याची बाजू घ्यायला सबंध साताऱ्यात माझ्याशिवाय कुणी उभं राहिलं नसतं. खरं तर मीही राहिले नसते, पण माझं सांगलीला शिकायला जाणं त्या माणसाच्या चारित्र्यावर अडून बसलं होतं. हे सगळं लिहून काढ, असं माझी मुलगी बरेच दिवस म्हणतेय. तिला वाटतं मी तिखटमीठ लावून सांगते. लावते. पण मूळ पदार्थ खरा आहे.

आमचं घर गोडोलीत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. आण्णा मूळचे कुंडलचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागले, म्हणजे वर्दीचा रंग तेवढा बदलला. घरात त्यांचीच राजवट होती आणि मी एकुलती एक असल्यामुळं सगळी पलटण म्हणजे मीच होते. पहाटे शिट्टी वाजायची. शिट्टी झाली की पांघरुणाची घडी, आणि घडीची कड जरा इकडंतिकडं झाली की पुन्हा घडी. मग नखं, वेणीच्या रिबिनी आणि दप्तर यांची तपासणी. दप्तरात चिंचा सापडल्या तर त्या जप्त व्हायच्या, आणि जप्त मालाचं पुढं काय होतं हे कुणी विचारायचं नाही असा नियम होता. मला ते संध्याकाळच्या आमटीत कळायचं. माझ्या मैत्रिणी आमच्या घरी यायच्या तेव्हा फाटकातच चपला जोडीनं लावून ठेवायच्या, इतकी त्यांची कीर्ती पसरली होती. मला त्यांचा राग यायचा, चांगला सणसणीत राग यायचा, आणि ते शिफ्टवरून यायला उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. दोन्ही गोष्टी एकाच मुलीला कशा होत होत्या हे मला तेव्हा कळत नव्हतं. आताही फारसं कळतं असं नाही.

आई मात्र या राजवटीत निवांत होती. तिच्या स्वयंपाकघरात आण्णांचे हुकूम चालत नसत. तिथं ते दारात थांबून "चा हाय का?" असं विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत उंबरा ओलांडायचे नाहीत. कुकरची शिट्टी आणि आण्णांची शिट्टी एकदम झाली तर आई आधी कुकरकडं जायची. तिच्या हातच्या, आमटीत शिजवलेल्या चकोल्यांची चव मी पुढं पुष्कळ घरांत शोधली. आमच्या भिंतीला भिंत लागून मगदूम काका-काकूंचं घर होतं. ते मूळचे सांगलीकडचे, जैन, मुलाच्या नोकरीमुळं साताऱ्याला आलेले. आई त्यांच्यासाठी काही करायची तर कांदा-लसूण वगळून, आणि दिवस मावळायच्या आत पोचेल असं. आता गोडोलीत अडचण अशी, की सूर्य लवकर किल्ल्यामागं जातो. किल्ल्यामागं गेला म्हणजे मावळला, असं काकूंचं म्हणणं, आणि किल्ला हा काही क्षितिज नव्हे, असं काकांचं. हा वाद भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी ऐकू यायचा, त्यामुळं आम्हाला घड्याळ बघावं लागत नसे. काका कोर्टात पट्टेवाले म्हणून लागले आणि बेलिफ म्हणून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी कोर्टाच्या दारात पुकारा करण्यात घालवली होती. नातवाला जेवायला बोलवायचं तरी त्याचं नाव बापाच्या नावासकट तीनदा घ्यायचे. कायद्याचा प्रश्न आला की आमची सगळी आळी त्यांच्याकडं जायची, कारण न्यायाधीशाला इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस आमच्याकडं नव्हता.

बारावीचा निकाल लागला त्या सुट्टीत वाचनालयातून मी 'धूरबंदी' आणली. वाचनालयानं तिला जाड रेक्झिनची बांधणी केली होती आणि त्या कामात मुखपृष्ठ आणि लेखकाचं नाव दोन्ही गायब झालं होतं. कादंबरी पुढं कधीतरी येणाऱ्या काळातली होती. एक शहर आहे, तिथं घरात चूल पेटवायला बंदी आहे. कारण चुलीपाशी माणसं बसतात, बसली की बोलतात, आणि बोलली की सरकारला घाम फुटतो. म्हणून सगळ्यांना सरकारी भटारखान्यातून करड्या रंगाच्या वड्या मिळतात, त्या खायच्या आणि आपापल्या कामाला लागायचं. शहरातल्या काडेपेट्या कधीच गोळा करून नेलेल्या आहेत. तरीही कुठं कुठं लोक चोरून चूल पेटवतात, आणि त्यांना पकडायचं काम निरीक्षक बारटक्केकडं आहे. त्याची नेमणूक त्याच्या नाकामुळं झालेली. फोडणी मोहरीची का जिऱ्याची, हे तो तीन गल्ल्या सोडून सांगायचा. त्यानं सख्ख्या भावाला कढी केल्याबद्दल तुरुंगात घातलं होतं आणि दर आठवड्याला तो त्या तुरुंगाच्या भिंतीला लागून उगाच चालत जायचा. नायिका रेवती आणि तिची म्हातारी आत्या यांच्या घरावर तो छापा घालतो तेव्हा तव्यावर भाकरी असते. तो तिच्याकडं बघत राहतो, "उलटा ती, करपतेय," म्हणतो, आणि मग रेवतीला अटक करतो.

मी त्या पानावर रडले. रेवतीसाठी नव्हे, बारटक्केसाठी. भाकरी करपू न देणारा माणूस मुळात वाईट असेल यावर माझा विश्वास बसेना. शिवाय वाचताना त्याला मी मनातल्या मनात आण्णांच्याच मिशा लावल्या होत्या, ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही. आण्णांनी मला रडताना पाहिलं, पुस्तक तपासणीसाठी ताब्यात घेतलं, आणि गेटवरच्या ड्युटीत ते सबंध वाचून काढलं. परत देताना म्हणाले, "मानूस हलकट हाय. पर लेखकानं ड्युटीचं बराबर लिवलंय."

त्याच आठवड्यात सांगलीचा विषय निघाला. साताऱ्यात बी.ए. होत नव्हतं असं नाही. पण मी वक्तृत्व स्पर्धेसाठी सांगलीच्या एका कॉलेजात गेले होते आणि तिथलं ग्रंथालय पाहून आले होते. तिथं मुलांना थेट कपाटांमध्ये हिंडू देत. खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि शिपाई देईल ते पुस्तक घ्यायचं, एवढंच ठाऊक असलेल्या मुलीला ते बघून काय वाटलं असेल! मी त्या कपाटांच्या मधे उभी राहिले आणि मला परत फिरावंसं वाटेना. तिथंच मराठी घेऊन बी.ए. करायचं, असं मी ठरवून टाकलं. आण्णांनी माझ्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदविका ठरवली होती, साताऱ्यातच, घरापासून सायकलच्या अंतरावर. औषधाच्या दुकानाइतकी शिस्तीची जागा त्यांच्या मते दुसरी नव्हती. प्रत्येक गोळीला कप्पा, प्रत्येक कप्प्यावर नाव.

"कादंबऱ्या वाचून काय करनार तू?" चहा पिता पिता त्यांनी विचारलं.

"माणसांच्या मनात काय असतं ते कळतं, आण्णा."

"काय कळतं? त्यो बारटक्के. त्येच्या मनात काय हाय?"

"तो आतून चांगला आहे. त्याचा हेतू वेगळा आहे."

"कुठं लिवलंय?"

"लिहिलेलं नाही. ओळखायचं असतं."

आण्णांनी कप खाली ठेवला. "आसं? मग शाबीत कर. ह्या आयतवारी. त्यो मानूस नुस्ता हुकमाचा ताबेदार न्हवता, मनात त्येच्या काय तरी दुसरं व्हतं, आसं पुराव्यानिशी दाव. दावलंस तर सांगली. न्हाई दावलंस तर गोळ्या इकायच्या. आन् मंग रडायचं न्हाई."

आईला वाटलं थट्टा चाललीय. मलाही तसंच वाटलं, पण आण्णा उठले, थेट मगदूम काकांकडं गेले आणि न्यायाधीश नेमून आले. सोमवारी सांगलीच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तो आठवडा मी बारटक्केला घेऊन जेवले आणि बारटक्केला घेऊन झोपले. सरकारी वकील घरातच असल्यामुळं रंगीत तालीम रोज व्हायची. मी म्हणायचे, त्यानं भाकरी उलटायला सांगितली. आण्णा म्हणायचे, "आमच्या मेसचा कुकबी सांगायचा. आन् कुत्र्यावानी चावायचाबी." मी म्हणायचे, तो भावाच्या तुरुंगाच्या भिंतीकडेनं चालतो. आण्णा म्हणायचे, "मंग आत घातलाच कशाला? चालायला जागा व्हावी म्हनून?" शेवटच्या प्रकरणात, अटकेच्या दुसऱ्याच पहाटे, रेवतीच्या बंद घरातून धूर निघतो, बारटक्के मनोऱ्यावरून तो पाहतो, धोक्याची घंटा वाजवत नाही आणि डोक्यावरची टोपी काढतो. हा माझा हुकमी पत्ता होता. तो मी मोठ्या थाटात टाकला.

"उकडत आसंल," आण्णा म्हणाले आणि पापड मोडला.

मी ताटावरून उठले. आई मागोमाग परसात आली. मी म्हटलं, यांना मला जाऊच द्यायचं नाही, मग हे नाटक कशाला? आईनं वाळत घातलेल्या साडीची घडी घातली, ती नीट जुळली नाही म्हणून पुन्हा उलगडली आणि म्हणाली, "त्यांचं गोळ्याचं काय न्हाई गं. तू गेलीस तर सकाळी शिट्टी कुनासाठी मारायची, ह्यो घोर हाय त्यांस्नी. त्ये तुला सांगनार न्हाईत. मलाबी न्हाई सांगितलेलं." मग तुला कसं कळलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आता ह्ये बी पुस्तकात बघून सांगू व्हय?"

रविवारी दुपार कलल्यावर आमच्या ओट्यावर कोर्ट भरलं. काका धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून आले. तो कोट त्यांच्या मुलाच्या लग्नातला होता आणि पोटावर मिटत नव्हता. आईनं केळ्याची भजी केली होती, म्हणजे न्यायाधीशांनाही चालतील अशी. काकू मधल्या भिंतीपलीकडं स्वयंपाक करत होत्या आणि खिडकीतून कामकाजावर लक्ष ठेवून होत्या. दिवस मावळायच्या आत निकाल लावायचा, जज उपाशी राहणार नाही, ही अट त्यांनी सुरुवातीलाच घातली. काकांनी कोट सावरला, खुर्चीत बसले, आणि सवयीनं पुन्हा उठून फाटकाकडं तोंड करून ओरडले, "आरोपी बारटक्केऽ, हाजीर होऽऽ!" तीनदा. रस्त्यानं जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला. त्याला वाटलं आत खरंच कुणी बारटक्के आहे. काकांनी त्याला साक्षीदार नाहीस ना असं विचारून पुढं सोडलं.

मी माझी सगळी बाजू मांडली. भाकरी, भिंत, टोपी. घशाला कोरड पडेपर्यंत बोलले. काका डोळे मिटून ऐकत होते. न्यायाधीश असंच ऐकतात, असं त्यांनी मागाहून सांगितलं. मग आण्णा उभे राहिले. पँटला इस्त्री, बूट चकचकीत, मिशी कातरलेली. त्यांनी माझे मुद्दे एकेक करून असे काही झोपवले, की मलाच बारटक्केचा संशय यायला लागला. "जजसाहेब, मनातलं मनात. फौजेत मनातलं कुनी इचारत न्हाई. हुकूम पाळला का न्हाई, येवडंच बगत्यात. ह्यानं पाळला. आता शेवटचा पुरावा दाकल करतो आन् खाली बसतो."

त्यांनी पुस्तक उघडलं. रेवतीला अटक होते ते पान होतं. शपथ घ्यावी तसा आवाज लावून ते वाचू लागले. शिपाई चुलीवर ओतायला पाण्याची बादली आणतो. बारटक्के हात आडवा करतो. 'पाणी नको. राख टाका. भरपूर टाका.' शिपाई चुलीवर राख लोटतात. म्हातारीला चालवत नाही, म्हणून तिला घरातच कोंडून दाराला मोहोर लावतात आणि रेवतीला घेऊन जातात.

"बगा," आण्णा म्हणाले, "बाईमानसाच्या चुलीत राख घातली. ह्येच्यापरीस वंगाळ काम कंचं?" आणि मग, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी ते पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश. एकेक शब्द सुटा करून, आम्हाला शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं. "पाणी. नको. राख. टाका. भरपूर. टाका." आणि पुस्तक मिटून बसले.

मी हरले होते. मला भज्यांचा वास येत होता आणि रडू येत होतं. तेवढ्यात आत स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई एकदम हसली. तोंडाला पदर लावून हसली. पलीकडं खिडकीतून काकूही काहीतरी पुटपुटल्या. मी आईकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती आणि डोळ्यांनी काहीतरी म्हणत होती, जसं पाहुण्यांसमोर "ताट उचल" म्हणते. मला काय सुचलं देव जाणे. मी म्हटलं, "न्यायाधीशमहाराज, मला एक साक्षीदार बोलवायचाय."

काका आनंदानं उठले. आई त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती, तरी त्यांनी फाटकाकडं तोंड करून तिच्या पूर्ण नावानं तीनदा पुकारा केला. आई पदरानं हात पुसत ओट्यावर आली.

"चुलीवर राख टाकली की काय होतं?" मी विचारलं.

"काय व्हायचंय? इस्तू राखंखाली ऱ्हातुया. आमी माहेराला रोज रातच्याला झाकून ठेवायचो. सकाळी राख बाजूला सारायची, फुकायचं, वर शेणकूट ठेवायचं. पेटतुया की."

"आणि पाणी ओतलं असतं तर?"

"आगं, तापल्या चुलीवर पानी वतलं तर चूल उलती, तडा जातुया तिला. आन् इस्तू मरतुया. इजवायचं आसंल त्यो पानी वतील, राख कशाला घालील?"

मी गॅसच्या शेगडीवर वाढलेली मुलगी. राख म्हणजे नाश, राख म्हणजे शेवट, एवढंच मला शाळेनं शिकवलं होतं. मी ते पुस्तक आण्णांच्या हातातून अक्षरशः हिसकावलं आणि शेवटचं प्रकरण काढलं. शहरात काडेपेटी नाही, एकही नाही, हे लेखकानं दहा ठिकाणी सांगितलंय. मग मोहोर लावलेल्या घरातून धूर कसा निघाला? म्हातारीनं चूल पेटवली कशानं? मी वाचताना समजून चालले होते, की हा काहीतरी चमत्कार असणार, कादंबऱ्यांमध्ये शेवटी होतो तसा. चमत्कार कसला! आत म्हातारी होती आणि राखेखाली विस्तव होता, आणि दोघांनाही तिथं मागं ठेवून दाराला मोहोर लावणारा माणूस बारटक्के होता. शिपायांच्या समोर, सरकारी आवाजात, हुकूम देऊन त्यानं ते केलं होतं, आणि एकालाही कळलं नव्हतं.

आण्णा उठले. "हरकत हाय. त्यो शेरातला हापिसर. त्येला राखंचं काय ठावं?"

"मोहरी का जिरं हे तीन गल्ल्यांवरून ओळखतो त्याला?" मी ओरडले. "त्याला चूल ठाऊक नसेल?"

आण्णा भजं तोंडात टाकून चावत बसले.

"आवंऽ, किल्ल्यामागं गेला!" काकू खिडकीतून ओरडल्या. काकांनी किल्ल्याकडं बोट दाखवून "ह्यो क्षितिज न्हवं" असं म्हणायला तोंड उघडलं, पण कोर्टाची अब्रू सांभाळून मिटलं आणि निकाल दिला. "आरोपीनं ज्यांस्नी आत घातलं ती मानसं आतच हायती. भाऊबी आतच हाय. त्याची माफी ह्ये कोर्ट देनार न्हाई, त्ये त्यांनीच द्यायची. म्हनून आरोपी दोषी. पन चुलीत इस्तू त्यानंच राखला, आन् जानूनबुजून राखला, ह्ये शाबीत झालं. कोर्ट उठलं." आणि खरंच उठून जेवायला गेले.

ओट्यावर आम्ही तिघं राहिलो. दोषी म्हटलं तर आण्णा जिंकले होते. हेतू शाबीत झाला म्हटलं तर मी. आण्णांनी मनात आणलं असतं तर 'दोषी' या एका शब्दावर ते मला सहज गोळ्या विकायला बसवू शकले असते, आणि अटींच्या बाबतीत ते किती काटेकोर, हे मला चांगलं माहीत होतं. मी त्यांच्या बुटांकडं बघत उभी राहिले. ते म्हणाले, "सांगलीची पैली गाडी किती वाजता आस्ती?"

मी आजपर्यंत पुष्कळ मुलांना मराठी शिकवलं. खलनायकाच्या मनात काय होतं हा प्रश्न आला, की मी मगदूम काकांचा निकाल सांगते. मनातलं ओळखा, जरूर ओळखा, पण त्यानं जे केलं ते केलंच, ते खोडायला जाऊ नका. हल्ली मुलं हा प्रश्न मोबाईलला विचारतात आणि तो पाच मुद्द्यांत उत्तर देतो. टोपी काढण्याबद्दल त्याचंही मत बहुधा माझ्यासारखंच असेल. उकडत असेल, असं म्हणायला घरात बाप लागतो.

पण माझा स्वतःचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा कुंडलची आत्या आली होती. हा किस्सा ऐकून ती म्हणाली, "आगं, त्यो इस्तू झाकायचं काम ल्हानपनी तुझ्या बापाकडंच व्हतं. एक दिस इसरला तर आमच्या आईनं फुकनीनं हानला व्हता त्याला." म्हणजे आण्णांना ठाऊक होतं. राख म्हणजे काय, हे त्या ओट्यावर सगळ्यांत आधी त्यांनाच ठाऊक होतं. त्या पुस्तकात बारटक्केचा दुष्टपणा पानोपानी आहे. रेवतीच्या मैत्रिणीला तो थंडीत उभी करतो, तो प्रसंग वाचला असता तर मी जागच्या जागी संपले असते. ते सगळं सोडून त्यांनी नेमकं तेच पान का काढलं? आणि दुसऱ्यांदा का वाचलं? मला हरवायला बसले होते का जिंकवायला? का त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं, आणि ते आईवर सोपवून मोकळे झाले?

आता ते मलकापूरला आमच्याजवळच असतात. आई गेल्यापासून स्वयंपाकघराच्या दारात थांबून चहा विचारतात, तो मला. मागच्याच आठवड्यात मी पुन्हा विचारलं. "आण्णा, मुद्दाम वाचलंत ना?" त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, परत घातलं. "काय म्हनलीस?" मी पुन्हा विचारलं. "तू लय इचार करतीस," ते म्हणाले. "त्यो बारटक्के हलकटच व्हता." मी खूप चिडले. मग मला हसू आलं. या माणसावर माझं किती प्रेम आहे हे मला त्याला एकदाही धडपणे सांगता आलेलं नाही. त्याबाबतीत मी त्यांचीच मुलगी.

खटल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आम्ही सांगलीला पोचलो, प्रवेश झाला, आणि पुढं कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आण्णा मला वसतिगृहात सोडायला आले. त्यांनी आधी सगळ्या इमारतीची पाहणी केली. कंपाउंडची भिंत हातानं चाचपली, गेटवरच्या वॉचमनला त्याच्या कामातल्या दोन चुका सांगितल्या, आणि त्यानं सलाम ठोकल्यावर त्याला तंबाखू दिली. मग आम्ही रेक्टरबाईंच्या खोलीत गेलो. बाहेर मुलींची आणि त्यांच्या आईबापांची ही रांग होती. बाई वैतागलेल्या होत्या, मान वर न करता एकेकाला विचारत होत्या. मुलगी इतक्या लांब राहणार, वडिलांची संमती आहे ना?

आण्णा टाचा जुळवून ताठ उभे राहिले. "न्हाई," ते म्हणाले. "संमती कसली? हारलोय मी."

बाईंनी पेन थांबवलं. रांगेतली माणसं डोकावून बघू लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आण्णा मागं वळले आणि त्या अनोळखी आईबापांना सांगू लागले, की ही माझी पोरगी, हिनं माझ्यावर केस चालवली, भर कोर्टात. मी लय जोर लावला, पर तिनं असा एक साक्षीदार काढला, असा काढला, की माझी बोलतीच बंद झाली. आयुष्यात कुठल्याही बाबतीत हार मान्य न केलेला हा माणूस हारीची हकीकत सांगताना नुसता फुलून आला होता. त्याला थांबवावं कसं ते मला कळेना. डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी माझ्या पत्र्याच्या ट्रंकेचं कुलूप ओढून बघत राहिले.

"अहो, म्हणजे संमती आहे का नाही?" बाई खेकसल्या. "मागं लोक थांबलेत. काय लिहू मी?"

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं पाहिलं.

"हाय," ते म्हणाले.